सव्वा मूठ गहू

गुरुवार, रात्र

यंदा कानबाईला गावी जायचंच, असं आप्पांनी आषाढातच जाहीर करून टाकलं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील, वय ७९, आई गेल्यापासून आमच्याकडे पुण्यात. मागच्या वर्षी जिभाऊ, म्हणजे माझा चुलतभाऊ, स्वतः येऊन त्यांना घेऊन गेला होता, मला सुट्टी नव्हती (खरं सांगायचं तर मागितलीच नव्हती). यंदा त्यांना एकटं पाठवायची सोय राहिली नाही. गेल्या सहा-आठ महिन्यांत विसरणं वाढलंय, गॅस चालू राहतो, सकाळची गोळी दोनदा घेतली जाते, डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हणजे काय ते आमच्या घरी आठ दिवस राहिल्याशिवाय कळायचं नाही.

ज्यांना कानबाई माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, साडीचोळी, रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी नदीवर विसर्जन. आणि तिचे रोट. रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, वर चण्याची डाळ, चक्की धुवून त्यावर दळायचं. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. घराघराची रीत थोडी वेगळी असते, ही आमच्याकडची. मूठ घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची, म्हणजे गेली बारा-तेरा वर्षं आप्पांची.

महाराष्ट्र एक्स्प्रेस रात्रीची. खालचा बर्थ आप्पांना, वरचा मला. गाडी हलायच्या आधी आप्पांनी डब्यातली माणसं मोजली. ही सवय जुनी, चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, अमळनेर डेपो, २००४ ला रिटायर. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या लायनीत, कुठंही बसले की बोट न उचलता नुसत्या डोळ्यांनी मोजतात. "आठ सीटा, सात मानसं, एक कोठे गया?" तो एक बाथरूमला गेला होता, आला तेव्हा आप्पांना बरं वाटलं आणि ते आडवे झाले.

रात्री दोनच्या सुमारास वरून वाकून बघितलं तर बसलेले. म्हणलं काय झालं, तर म्हणे नगर आलं. नगर आलं की आप्पा उठणारच. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी नगर-पुणे धावली हे त्यांनी मला लहानपणापासून किमान दोनशे वेळा सांगितलंय, "यष्टी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान" हे वाक्य धरून. आजही सांगितलं. मी पण पहिल्यांदाच ऐकतोय असं "हो का" केलं. पूर्वी वैतागायचो. आता वैताग येत नाही असं नाही, पण तो गिळायला जमायला लागलंय, हे माझं वय झाल्याचं लक्षण असावं.

शुक्रवार

सकाळी जळगावला उतरलो. जिभाऊ म्हणत होता गाडी पाठवतो, पण आप्पांना एसटीनेच जायचं होतं आणि वाटेत धरणगावला आत्याकडे थांबायचं होतं. रिक्षाने स्टँडवर आलो, चहा-बिस्किट झालं, अमळनेरची गाडी लागली.

गाडीत चढलो आणि खरी मजा तिथे झाली. आप्पांनी आल्यापासून शंभराची नोट हातात धरून ठेवली होती. कंडक्टर म्हणजे तिशीतली मुलगी, गळ्यात तिकिटाचं मशीन, म्हणाली बाबा आधार कार्ड दाखवा, पंचाहत्तरच्या वर ना, तुम्हाला फुकट. आणि शून्य रुपयांचं तिकीट काढून हातात दिलं. २०२२ पासून ही सवलत आहे, आप्पांना माहीत नाही असं नाही, पण प्रत्येक वेळी नव्याने लागतं. "बिगर पैशाचं तिकीट मी चौतीस वर्षांत फाडलं नाही, तू काय फाडतेस?" ती हसायला लागली, आप्पा हसत नव्हते. मग मी सांगितलं की हे पण कंडक्टर होते. तर ती पोरगी चक्क उभ्या उभ्या म्हणाली, मग तुम्हीच सांगा बाबा, गाडीत माणसं किती? आप्पांनी मान न वळवता सांगितलं, त्रेचाळीस, त्यात तीन लेकरं हाफ. तिने मशीन बघितलं, मागे जाऊन मोजून आली, त्रेचाळीसच. गोळी घेतली की नाही हे या माणसाला आठवत नाही.

(गाडीत निम्म्याहून जास्त बाया होत्या, त्यांना अर्धं तिकीट. पुरे पैसे देणारे आम्ही पुरुष अगदीच अल्पसंख्याक. आप्पांच्या मते हिशोब अवघड झालाय.)

धरणगाव म्हणजे बालकवींचं गाव. शाळेत असताना सुट्टीत आत्याकडे आलो की आप्पा सांगायचे, इथला एक कवी सत्ताविसाव्या वर्षी रेल्वेखाली गेला, म्हणून रूळ ओलांडताना दोन्हीकडे बघायचं. कविता काय होती ते कधी सांगितलं नाही, रूळ मात्र बजावले. १९१८ साली ते गेले भादलीजवळ. आमची आत्या आज ८६ ची.

आत्या ओट्यावर खाटेवर बसलेली. कानाला कमी येतं, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय पण एकच डोळा चालतो. आप्पांनी पायाला हात लावला तर तिने त्यांचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही, "कितला सुकी गया रे तू," म्हणाली, "जेवना का?" सकाळचे दहा वाजलेले. मग दोघं बोलायला लागले आणि मी पहिल्यांदा नीट ऐकलं की आप्पांची भाषा इथे आल्यावर कशी बदलते. पुण्यात ते जपून मराठी बोलतात, दर वाक्यानंतर समोरच्याच्या तोंडाकडे बघतात, कळलं का म्हणून. इथे अहिराणीत गाडी सुसाट. मधले शब्द अडत नव्हते, नावं विसरत नव्हते. कोणाच्या शेतात कोणाचा बैल गेला होता आणि त्यावरून कोण कोणाशी किती वर्षं बोललं नाही, सगळं. मला वाटलं विसरणं हा काही अंशी पुण्याचाच आजार आहे की काय. तासाभराने त्यांनी आत्यालाच विचारलं, "भावजी कोठे गयात?" आत्याचे मालक जाऊन अकरा वर्षं झाली. आत्या काही दचकली वगैरे नाही. म्हणाली, "वावरमा." आणि भाकरी थापायला सुनेला हाक मारली.

जेवायला दादरची (आमच्याकडची ज्वारी) भाकरी, फौजदारी डाळ, बिबडे (ज्वारीचे पापड), शेंगदाण्याची चटणी. मी आगाऊपणे भरीत आहे का विचारलं तर सून म्हणाली, भाऊ, श्रावणात भरीत? थंडीत या. बरोबर आहे, पुण्यात बारा महिने सगळं मिळतं त्यामुळे हे कळत नाही.

राखी पुढच्या शनिवारी, पण आत्याने आजच बांधली. एका डोळ्याने गाठ मारायला पाच मिनिटं लागली, आप्पा हात पुढे करून थांबले. निघताना ती म्हणाली, "रोट व्हयी ना आयतवारले? माले वास याद शे." ती १९५७ साली लग्न होऊन गेली, तेव्हापासून माहेरचे रोट तिने खाल्लेले नाहीत. सासरी गेलेली लेक दुसऱ्या कुळाची. अडुसष्ट वर्षं. सांगताना तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, आणि मला तेच जरा टोचलं.

संध्याकाळी अमळनेर, तिथून काळीपिवळीने गाव. अमळनेरच्या चौकात आप्पा दरवेळी एक वाक्य बोलतात ते बोलले. नाना काका (त्यांचा धाकटा भाऊ, तीन वर्षांपूर्वी गेले) यांनी विप्रोचे शेअर विकून बैलजोडी घेतली होती. विप्रो अमळनेरला निघाली हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, १९४५ साली, वनस्पती तुपाची कंपनी होती तेव्हा. गावात कोणाकोणाकडे ते कागद होते, ज्यांनी ठेवले ते ठेवले. बैल चांगले होते म्हणे.

शनिवार

आमचं घर अर्धं धाब्याचं आणि अर्धं स्लॅबचं. पुढचा भाग जिभाऊने बांधून काढला, मागच्या धाब्यावर अजून दर वर्षी पावसाळ्याआधी खारी माती टाकावी लागते, तरी गळतंच. आप्पा मागच्या खोलीतच झोपले, पातेलं शेजारी ठेवून. रात्रभर टप टप. सकाळी म्हणाले मस्त झोप लागली.

दुपारी गहू मोजायचे. ओसरीत चादर अंथरली, त्यावर सूप, गव्हाचं पोतं. आप्पा आंघोळ करून धोतर नेसून बसले, समोर काकू (नाना काकांच्या), जिभाऊ, त्याची पोरं, सुना, शेजारचे दोन भाऊबंद. मला काम दिलं नावं मोजायचं, मी मोबाईलवर टिपत होतो.

आता इथे मुठीबद्दल सांगायलाच पाहिजे. आप्पांची मूठ म्हणजे आमच्या लहानपणीचा खेळ होता. ड्युटीवरून आले की मुठीत काहीतरी धरायचे, कधी शेंगदाणे, कधी चाराण्याचं नाणं, आणि म्हणायचे उघड. मी आणि जिभाऊ दोघं मिळून एकेक बोट ओढायचो, निघायचं नाही. दिवसभर चिल्लर मोजून आणि चालत्या गाडीत दांडा धरून ते हात तसे झाले होते. शेवटी स्वतःच उघडायचे, आम्हाला वाटायचं आम्ही जिंकलो.

आप्पांनी एकेक नाव घेऊन मूठ सुपात सोडायला सुरुवात केली. मूठ सोडली की वरून बोटांच्या चिमटीत थोडे, ती पाव. नावं मोठ्यापासून लहानापर्यंत, पुण्यातली, सुरतेची, नाशिकची, कोणाचा नंबर कितवा हे सगळं तोंडपाठ. हात थरथरत होता, दाणे चादरीवर सांडत होते, काकू गोळा करत होत्या. शेवटचं नाव जिभाऊच्या नातवाचं, सात महिन्यांचा, अजून नीट बसताही येत नाही, त्याचीही सव्वा मूठ.

तेवढ्यात जिभाऊची धाकटी लेक, जळगावला बीएस्सी करते, तिने विचारलं, आणि माझी? जिभाऊ म्हणाला पोरींची नसते, तुला माहितीये. ती म्हणाली माहितीये म्हणूनच विचारतेय. एकदम सगळे गप्प. शेजारचे भाऊबंद चादरीकडे बघायला लागले. मी मनात म्हणलं आता वाद होणार आणि सणाचा विचका. काकू म्हणाल्या, "कानबाई काय पोरगा शे का? ती बी बाईच शे ना." जिभाऊने आप्पांकडे बघितलं, निकाल त्यांनी द्यायचा. आप्पांना वाद किती कळला देव जाणे, त्यांनी पोरीकडे बघितलं आणि म्हणाले, "बसमा बठेल शे ना ती? मंग तिकीट फाडनं पडी."

आणि मूठ टाकली. जिभाऊ पुटपुटला काहीतरी, पण हसला पण.

मी मोबाईल बघितला, तेरा नावं. जिभाऊ म्हणाला चौदा पाहिजेत, मागच्या वर्षी बारा, एक बाळ, एक ही. परत सगळी नावं वाचून काढली. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, आप्पांची स्वतःचीच नव्हती. जिभाऊ म्हणाला, "आप्पा, तुमची राहिली." आप्पा म्हणाले, "मन्ही कसाले?" माझी कशाला. मला कळेना हे विसरले की मुद्दाम. मग आठवलं की गाडीतली माणसं मोजताना कंडक्टर स्वतःला धरत नाही. पण हे मी बोललो नाही, काकूंचा चेहरा आधीच उतरला होता. आप्पांनी माझ्याकडे सूप सरकवलं, तू टाक. मी मूठ भरली. त्यांनी माझा हात धरून बघितला, दोन बोटांनी थोडे गहू परत पोत्यात पाडले आणि म्हणाले, एवढी नको, सव्वाच.

चक्कीवर मी आणि जिभाऊ गेलो. लाईट गेलेली, तासभर बसलो. चक्कीवाल्याने जातं धुवून ठेवलं होतं, रोटाचं दळण एकामागे एक लागलं होतं, आज दुसरं काहीच दळत नाहीत. त्याने सवयीने काट्यावर ठेवलं आणि म्हणाला, नावं किती? चौदा. तो म्हणाला, "मांगला सालले बारा व्हतात ना तुमना? किलोभर भरं व्हतं. यंदा आठशे. दाना हलका शे का?"

दाणा चांगला होता, घरचाच, आमच्याच शेतातला. जिभाऊ म्हणाला असेल हलका. मी पण म्हणलं असेल.

रविवार

आज लिहायला कमी आहे, कारण दिवसभर नुसती धावपळ. बायकांनी सकाळपासून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, पुरणपोळ्या, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी. रोट आमच्याकडे गुळाच्या पाण्यात भिजवून, जाडसर, मंद आचेवर तुपात भाजतात. तो वास. आत्या म्हणाली त्यानंतर मी तो वास पहिल्यांदा लक्ष देऊन घेतला, गूळ जळायच्या अगदी अलीकडचा, त्यात तूप आणि थोडा धूर.

कानबाई बसली, केळीचे खांब, कण्हेरीची फुलं. नथ पणजीच्या काळातली म्हणतात, नारळ पण. पंगतीत आप्पा पहिल्या पानावर. जिभाऊची लेक पुरुषांच्या पंगतीत बसली, कोणी काही बोललं नाही, काकूंनीच वाढलं तिला. रात्री गाणी. म्हाताऱ्या बायांना लांबच लांब गाणी पाठ, सुना मोबाईलमध्ये रेकॉर्ड करत होत्या, मधेच शेजारच्या गल्लीत डीजे सुरू झाला आणि या बायांचा आवाज चढला. मी अकराला झोपलो. आप्पा दोनपर्यंत बसले होते म्हणे, माणसं मोजत.

सोमवार

पहाटेच अंगणात चौरंग, आरती, आणि मग बाया कानबाईला डोक्यावर घेऊन तापीवर. वाटेत फुगड्या, ठिकठिकाणी पाणी, गुलाल. दोन्ही बाजूला कपाशी गुडघ्याएवढी झालीय. नदी गढूळ, चहाच्या रंगाची, वर हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की इकडे पाणी चढतं, ४१ दरवाजे आहेत, रोज पेपरात किती उघडले ते येतं.

बाया पाण्याजवळ गेल्या, आम्ही वर पायऱ्यांवर थांबलो. आप्पांनी पलीकडचा काठ दाखवला. आईचं माहेर तिकडे चोपड्याकडे, लग्नाचं वऱ्हाड नावेतून आलं होतं आणि मधोमध नाव गोल फिरायला लागली तेव्हा आई रडली नाही, बाकीच्या सगळ्या बाया रडल्या. हे मी कधीच ऐकलं नव्हतं. नगरची पहिली गाडी दोनशे वेळा आणि हे एकदाही नाही. मी विचारलं मग आई काय करत होती? आप्पा विचार करत राहिले. म्हणाले, "मोजत होती. माणसं. नावेत किती आहेत ते." मग म्हणाले, "का मी मोजत होतो." मग म्हणाले, उन्हं वर आली, चल.

पायऱ्या ओल्या होत्या. उतरताना माझा दंड धरला होता, चढताना मी त्यांचा हात धरला. बोटं आपोआप मिटली माझ्या हातात. हाडं लागतात आता.

मंगळवार

निघताना काकूंनी रोटांचा डबा बांधून दिला, पाच रोट, शनिवारच्या पौर्णिमेआधी संपवायचे अशी ताकीद देऊन. माझ्या बायकोला चालतात, लेकीबद्दल काकू थांबल्या आणि म्हणाल्या, तिला पण दे, आता टाकलीच आहे प्रथा. पुढच्या वर्षी म्हणे पंधरा नावं, माझी लेक धरून. जिभाऊ म्हणाला गहू जास्त लागतील. मी म्हणलं लागतील.

संध्याकाळची गाडी होती जळगावहून, वेळ होता. धरणगाव आलं तसे आप्पा उठून उभेच राहिले, काय म्हणेना, सरळ दाराकडे. उतरलो. आत्या तशीच ओट्यावर, जणू शुक्रवारपासून उठलीच नाही. आप्पांनी पिशवीतून डबा काढला, उघडला, एक रोट उचलून तिच्या हातात ठेवला. सून पुढे आली, "आप्पा, त्यांले चालस नही ना." आत्याने पण हात मागे घेतला, "नको रे, कानबाई कोपी जाई."

"मन्ही मूठ शे ती," आप्पा म्हणाले.

आत्याने रोट नाकाजवळ नेला. किती वेळ ते सांगता येणार नाही, सून मधे पाणी घेऊन आली, परत गेली. मग नखाएवढा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि बाकीचा पदराच्या टोकाला बांधला. कोणाला काही सांगू नका म्हणाली. सुनेकडे बघून म्हणाली हे, म्हणजे सुनेलाच.

जळगावची बस मिळाली, उभं राहून. पाच मिनिटांनी एका पोराने आप्पांना जागा दिली. कंडक्टर आला, म्हातारा होता, रिटायरमेंटला आलेला. आधार बघितलं, शून्याचं तिकीट काढून दिलं. आप्पांनी ते घेतलं, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मग माझी बाही ओढून विचारलं, डबा घेतला ना? घेतला. किती राहिले? चार. बरं, म्हणाले, आणि गाडीतली माणसं मोजायला लागले.